पाणी घालायची वेळ

“फुफ्फुसं मशीनवर श्वास घेताहेत, मावशी. अगदी शांत श्वास घेताहेत.”

प्रतिभाने हे वाक्य सांत्वन म्हणून उच्चारले होते. अवयवदान करणाऱ्या घरांशी बोलत राहणे हेच तिचे काम. ती मूळची जळगावकडची, म्हणून बऱ्हाणपूरच्या या कुटुंबाशी मराठीतून बोलणे तिच्याकडे आले होते. तिचे इस्पितळ दक्षिणेतल्या एका शहरात होते, हजार किलोमीटरांच्या पलीकडे. निरंजनने फोन स्पीकरवर ठेवून आईपुढे धरला होता, कारण गेल्या पाच दिवसांत आईला ऐकवण्यासारखे त्याच्यापाशी दुसरे काही उरले नव्हते. सकाळचे अकरा वाजत आले होते. ओट्यावर तिरडी बांधून तयार होती. आतल्या खोलीत, बर्फाच्या लाद्यांमध्ये, त्याचा धाकटा भाऊ ललित पांढऱ्या कापडात गुंडाळलेला होता.

मनकर्णाबाईंनी फोनकडे पाहिले. मग आतल्या खोलीकडे पाहिले.

“श्वास चालू हे?”

“हो मावशी. तुमच्या मुलानं फार मोठं काम...”

“मंग थांबा,” त्या ओट्यावर उभ्या माणसांना म्हणाल्या. “आत्ता उचलू नका त्याले.”

ललित सव्वीस वर्षांचा होता. देडतलाईच्या सरकारी शाळेत तो अतिथी शिक्षक होता आणि मोटारसायकलवरून रोज जाऊन-येऊन करी. गुरुवारी संध्याकाळी परतताना, मागे दिवा नसलेल्या केळीच्या ट्रॉलीवर तो आदळला. इंदूरच्या इस्पितळात चौथ्या दिवशी डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितले की मेंदू संपला आहे. पण छाती वर-खाली होत होती, हात ऊबदार होते, आणि दाढीचे खुंट आदल्या दिवसापेक्षा थोडे वाढलेले दिसत होते. त्या उबेशेजारी बसून निरंजनने संमतिपत्रावर सही केली. आईने खाली आपले नाव लिहिले, शाळेतल्या मुलीसारखे एकेक अक्षर सुटे करून.

मूत्रपिंडे आणि यकृत इंदुरातच कुणाला तरी लागले. फुफ्फुसे मात्र पाण्याने जड झाली होती, तशीच कुणाच्या छातीत बसवण्याजोगी नव्हती. म्हणून ती पहाटेच्या विमानाने दक्षिणेला गेली. तिथे अशा फुफ्फुसांची दुरुस्ती करणारे यंत्र होते. काचेच्या घुमटाखाली ती ठेवायची, त्यांच्या रक्तवाहिन्यांतून कोमट द्रव फिरवायचा, नळीने हवा भरायची आणि सोडायची, आतले पाणी थेंबाथेंबाने ओढून काढायचे. आणि ती किती प्राणवायू देऊ शकतात ते दर तासाला मोजायचे. आकडा साडेतीनशेच्या वर गेला आणि तिथे टिकला, तर ती वाचली. सहा-सात तासांत काय ते ठरते. निरंजन विद्यालयात विज्ञान शिकवत असे. हे सारे त्याला समजले होते. समजलेले ते आईच्या भाषेत कसे आणावे, एवढे मात्र त्याला समजत नव्हते.

“वहिनी, आसं नका करू,” पंडितकाका म्हणाले. ललितच्या वडिलांचे हे धाकटे भाऊ. सूतमंडीत जन्म गेलेला, आवाज नेहमी एक पट्टी वर. “पोरगा काल गेला. डॉक्टरनं लिहून देलं. आता तिकडं जे चालू हे ते मशीनचं चालू हे.”

“मशीन हवा भरते. श्वास कोन घेते?”

“फुफ्फुस घेते.”

“कोनाचं?”

पंडितकाकांनी खांद्यावरचा पंचा काढून पुन्हा खांद्यावर टाकला. विधीसाठी आलेले गुरुजी दाराशी बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले.

“प्राण गेल्यावर अग्नी,” गुरुजी सावधपणे म्हणाले. “शास्त्र एवढं स्पष्ट आहे.”

“तेच म्हनते मी. गेला का?”

गुरुजींनी उत्तर देण्यापूर्वी फोनकडे एक नजर टाकली, जणू तो त्यांच्यापेक्षा वरच्या अधिकाराचा कुणी होता. मग ते म्हणाले की सूर्यास्ताच्या आत झाले म्हणजे झाले, अजून वेळ आहे.

“कोनाच्या अंगात बसला तं तो त्याचा श्वास,” मनकर्णाबाई हळू, हिशेबी आवाजात म्हणाल्या. “मंग माझं काही म्हननं नाही. बंद पडला तरी म्हननं नाही. पन काचेखाली हे तोवर तो कोनाचाच नाही, तं माझ्या पोराचाच हे. त्याले श्वास चालू असताना जाळू का मी?”

वैशाखाचे ऊन पत्र्यांवर वाजत होते. निरंजनची बायको वैजयंती भिंतीशी बसून पदराने सासूला वारा घालत होती; तिचा हात थांबला.

“आनखी एक हे,” मनकर्णाबाई म्हणाल्या. हे त्या फक्त निरंजनला म्हणाल्या. “पानी घालायचं राहिलं हे त्याचं.”

तेव्हा निरंजनला कळले की हे सकाळच्या त्या एका वाक्यातून उगवलेले नाही. ते चार दिवसांचे होते.

वडील, सुधाकरराव, घरीच गेले होते. शेवटचे आचके सुरू झाले तसे आईने तापीच्या पाण्याची वाटी घेतली, तुळशीचे पान ओठांवर ठेवले आणि चमच्याने पाणी सोडले. पाणी घशाखाली उतरल्याचा बारीकसा आवाज झाला, त्यानंतर एकच श्वास आला, आणि मग आला नाही. आई त्या आवाजाबद्दल वर्षानुवर्षे बोलत असे. ‘त्यांनी घेतलं,’ ती म्हणे. ‘कोरडे नाही गेले.’ इंदूरला ती हीच वाटी पिशवीतून घेऊन गेली होती. पण ललितच्या तोंडात नळी होती, नळीभोवती चिकटपट्टी होती, आणि परिचारिकेने नम्रपणे, दोनदा, नको म्हटले होते. मग त्याला मृत ठरवले तेव्हा श्वास चालूच होता, आणि श्वास थांबला तेव्हा तो दारांच्या पलीकडे, त्यांच्या नजरेआड होता. कोणत्या क्षणी पाणी घालायचे होते, हे मनकर्णाबाईंना कुणीही सांगू शकले नव्हते.

आता तो क्षण पुन्हा येऊ घातला होता.

“तिले म्हना, बंद करायच्या आधी मले सांगा. एक मिनिट आधी. तेवढंच पाह्यजे मले.”

निरंजन मागच्या अंगणात गेला आणि त्याने प्रतिभाला फोन लावला. आपल्या आईचे म्हणणे परक्या मुलीला सांगताना त्याला आधी लाज वाटली, मग लाज वाटल्याची लाज वाटली.

“चूक माझी आहे, दादा,” प्रतिभा म्हणाली. “मी तसं बोलायला नको होतं. आम्हाला शिकवतात, की साध्या शब्दांत बोला.”

“तुम्ही खोटं काही बोलल्या नाही.”

“मी फोन करीन. बंद करायचं ठरलं तर आधी करीन. डॉक्टरांना थांबायला सांगीन, पण जास्त नाही थांबणार ते. फोन जवळ ठेवा.”

“आकडा किती आहे आता?”

“दोनशे दहा.”

“वाढेल?”

“वाढावा, दादा. इथं एक जण वाट पाहतंय.” ती थांबली. “यापुढं काही सांगता येत नाही मला.”

एक जण. निरंजनने तो शब्द खिशात ठेवावा तसा ठेवला. बाई की पुरुष, वय काय, कुठल्या खाटेवर कुठल्या खिडकीकडे तोंड करून तो एक जण हवेसाठी झगडत होता, हे जाणून घ्यायची सोय नव्हती. पण आकडा चढला तर आपल्या सहीला काही अर्थ येईल, एवढे त्याला लख्ख दिसत होते. नाही चढला तर? तर त्याने आपल्या भावाची छाती उघडू दिली होती, आणि बदल्यात आईला आणखी एक मरण दिले होते.

बारा वाजता आकडा दोनशे चाळीस झाला. एकला दोनशे पंचाहत्तर. निरंजन प्रत्येक वेळी येऊन आईला सांगे, आणि ओट्यावरची माणसेही कान देत. माणसे उन्हातून सावलीत आणि सावलीतून दुसऱ्या सावलीत सरकत होती. काही घरी जाऊन, जेवून, परत आली आणि जेवल्यासारखे न दिसण्याची काळजी घेत राहिली. या घरात कालपासून गॅस पेटला नव्हता.

“किती झालं?” कुणीतरी विचारी.

“पावनेतीनशे.”

“साडेतीनशे लागते ना? चढन, चढन.”

“ललित्याचा कारभार हे हा,” पंडितकाका म्हणाले. “शाळेत उशिरा, लग्नात उशिरा, बसस्टँडवर तं मी त्याच्यासाठी कंडक्टरच्या पाया पडलो हे दोनदा. आता तिरडी इकडं तयार अन् फुफ्फुस म्हनते थांबा, येतो.”

दोघे-तिघे हसले, आणि त्या हसण्यातच पंडितकाकांचा आवाज फाटला. ते उठून नळाकडे गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

दोन वाजता आकडा तीनशे पाचवर आला. निरंजनने तो सांगितला तेव्हा आई पहिल्यांदाच किंचित हलली.

“बसन म्हने का कोनाच्या अंगात?”

“बसेल असं वाटते, माय.”

“बसला तं बरं. मंग पानी घालायचं कारन नाही पडत.” त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिले. “तो दुसऱ्या कोनाच्या घरी पानी पिईन.”

तीन वाजता आकडा तीनशे पाचच होता. प्रतिभाचा आवाज बदललेला होता. ती आता वाक्ये लहान करत होती. फुफ्फुसं थोडी घट्ट वाटताहेत. डॉक्टर आणखी एक तास पाहतील.

घरात तोवर दुसरीच घड्याळे चालू झाली होती. बर्फाच्या लाद्यांचे पाणी होऊन ते फरशीवरून उंबऱ्याकडे निघाले होते. उदबत्त्यांच्या धुरातून एक गोडसर, जड वास अधूनमधून वर येई, आणि तो आला की प्रत्येक जण दुसरीकडे पाही. गुरुजींनी निरंजनला बाजूला घेतले.

“निरंजनराव, मी काही म्हणत नाही. पण देहाचं म्हणून एक असतं. त्याची विटंबना नको.”

“बर्फ आणतो,” निरंजन म्हणाला.

“पोराले पाठव कोनाले तरी,” पंडितकाका म्हणाले.

“नाही काका. मीच जातो.”

त्याला त्या खोलीतून, त्या वासातून आणि आईच्या स्थिर डोळ्यांतून बाहेर पडायचे होते. हे त्याला तेव्हाच कळत होते, आणि नंतर ते त्याने स्वतःपासून कधी लपवले नाही.

बर्फाचा कारखाना गावाच्या टोकाला, यंत्रमागांच्या वस्तीपलीकडे होता. केळीच्या आणि लग्नाच्या दिवसांत तिथे रांग असते. आत यंत्राचा गडगडाट, लाद्या फोडणाऱ्यांच्या सळया, आणि दाराबाहेर शेकडो मागांचा खटखटाट, असा की बोलणाऱ्याचे फक्त ओठ दिसावेत. निरंजनने तोंडाजवळ तोंड नेऊन सांगितले, कशासाठी हवा आहे ते. मालकाने हात जोडले आणि रांगेतल्या दोघांना मागे सारले. चार लाद्या. भुसा, वर गोणपाट. लादी रिक्षात चढवताना शर्टाच्या खिशातला फोन छातीवर थरथरला असेल. पण लादी छातीशी धरलेली होती, आणि गारठ्याने तिथले सगळे बधिर झाले होते.

रिक्षा वस्तीबाहेर आली, मागांचा आवाज मागे पडला, तेव्हा त्याने फोन काढला. तीन हुकलेले फोन. चार अठरा, चार एकोणीस, चार एकवीस. आता चार पंचेचाळीस झाले होते.

त्याने फोन लावला. पहिल्याच घंटीला तो उचलला गेला.

“दादा, कुठं होता तुम्ही?”

“बंद केलं?”

“आकडा खाली यायला लागला. एकशे नव्वद. पाणी पुन्हा भरत होतं, पंप वाढवला तरी... डॉक्टरांनी ठरवलं. मी म्हटलं, घरच्यांना फोन करते, दोन मिनिटं द्या. त्यांनी दिली. खरंच दिली, सगळे उभे होते. मी तीनदा लावला.”

“किती वाजता?”

“चार बावीस.”

रिक्षाच्या फरशीवर गोणपाटातून पाणी ठिबकत होते. निरंजनने वजाबाकी केली. विज्ञानाच्या मास्तरांची सवय. उत्तर कशाला हवे आहे हे न विचारता करायची.

“आणि ते जे वाट पाहत होते?”

“वाट पाहताहेत,” प्रतिभा म्हणाली. मग ती रडत आहे असे त्याला वाटले, आणि त्याने फोन ठेवला.

घरासमोर लाद्या उतरवल्या गेल्या. मनकर्णाबाई आतल्या खोलीत, ललितच्या डोक्याशी बसल्या होत्या. शेजारी वाटी होती, वाटीत तुळशीचे पान. त्यांनी मान वर केली.

“आला का फोन?”

पाण्याचा क्षण दुसऱ्यांदा निघून गेला होता; या खेपेला निरंजनच्याच छातीवरून, त्याला न कळता. त्याने ते सांगितले असते तर आईने काही म्हटले नसते. तिने फक्त वाटी उचलून बाजूला ठेवली असती. वाटी बाजूला ठेवणारा तो हात त्याला आधीच दिसला, आणि तेवढ्याने त्याचे अवसान गेले.

“चालू आहे,” त्याने फोन कानाला लावला. “ती लाइनवर आहे, माय. नाही जमलं त्यांना. नाही बसणार कोणाला. आता बंद करतात. तुझ्यासाठी थांबले आहेत. घाल पाणी.”

मनकर्णाबाईंनी घाई केली नाही. त्यांनी पोराच्या मानेखाली हात घातला, ओठांवर पान ठेवले आणि चमच्याने पाणी सोडले. पाणी आत गेले नाही. ओठांच्या कोपऱ्यातून ते गालावर, गालावरून कानाकडे वाहिले. त्यांनी ते पदराने टिपले आणि पुन्हा सोडले. पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वेळी त्यांनी चमचा ठेवला आणि बोट पाण्यात बुडवून ओठ ओले केले. मग त्यांनी हात पुढे केला.

“दे इकडं. बोलते मी तिच्याशी.”

“मी सांगतो ना, माय...”

“दे.”

फोनचा पडदा काळा होता. निरंजनने तो दिला, कारण न देण्याचे एकही कारण बोलून दाखवण्यासारखे नव्हते. मनकर्णाबाईंनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“पोरी,” त्या फोनमध्ये म्हणाल्या, “घातलं मी त्याले पानी. तुमी लय केलं त्याच्यासाठी. आता बंद कर, माय. कर बंद.”

त्या ऐकत राहिल्या. खोलीतला प्रत्येक जण ऐकत होता. थोड्या वेळाने त्यांनी ‘हाव’ म्हटले, फोन निरंजनकडे दिला, आणि ललितच्या छातीवर, टाक्यांच्या बाजूला, हात ठेवून डोळे मिटले.

पंडितकाका निरंजनच्या मागेच उभे होते. फोन हातात परत येताना त्याचा काळा पडदा त्यांना दिसला. त्यांनी पुतण्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, फार वेळ नाही.

“चला रे,” ते माणसांना म्हणाले. “उचला.”

घाटावर पोचेपर्यंत सहा वाजले. वैशाखात आटलेली तापी खडकांच्या मधून वाट काढत होती. निरंजनने अग्नी दिला. लाकडे कोरडी होती, वारा होता, ज्वाळा लगेच उंच गेल्या. मागे उभा राहून लांब बांबूने लाकडे सारखी करणारा घाटावरचा माणूस, ज्याला घरातले काही ठाऊक नव्हते, स्वतःशी बोलावे तसे म्हणाला, “इसका सीना बड़ी जल्दी बैठ गया, भैया. जवान आदमी का इतनी जल्दी नहीं बैठता.”

पंडितकाकांनी निरंजनला दंडाला धरून नदीकडे नेले.

आंघोळी करून माणसे परतली तेव्हा शेजारच्या घरातून पिठले-भाकरी आली होती. वैजयंतीने सासूपुढे ताट ठेवले. मनकर्णाबाईंनी एक तुकडा मोडला, आणि तो हातातच राहिला. दिवसभर त्यांच्या चेहऱ्यावर नसलेले काहीतरी आता तिथे होते. ते दुःख नव्हते. दुःखाची जागा घेणारे, दुःखाहून कमी जागा मागणारे, टोकदार असे काही होते.

“निरू,” त्या म्हणाल्या, “मी घाई तं नाही केली?”

“कशाची घाई?”

“ते थांबले होते. माझ्यासाठी थांबले होते, तू म्हनला. मीच म्हनलं बंद कर. अजून एक घंटा चालू राहू देलं असतं, तं चढला असता का आकडा?”

“नाही, माय.”

“तीनशे पाचपर्यंत गेला होता. पंचेचाळीसच तं राहिले होते.”

“डॉक्टरांनी ठरवलं होतं.”

“पन बंद कर मी म्हनलं. माझ्या तोंडानं.” तुकडा ताटात परत ठेवला गेला. “तिथं कोनी तरी वाट पाहत होतं. त्याचाही श्वास मीच बंद केला का?”

भिंतीशी बसलेले पंडितकाका उठले आणि बाहेर ओट्यावर गेले. निरंजनला वाटले, या घरात आता खरे आणि खोटे असे दोनच शब्द शक्य आहेत आणि दोन्ही आईच्या अंगावर पडणार आहेत. आपण तिला पाण्याचा क्षण द्यायला गेलो, आणि त्या क्षणाला जोडलेली कळही तिच्या हातात दिली. वाटी बाजूला ठेवणारा तिचा हात आपल्याला पाहवला नसता. हे असे तिचे आयुष्यभर हिशेब करणे पाहवेल का? साडेतीनशेतून तीनशे पाच. तो तिला ओळखत होता. ती रोज करील.

“माय,” तो म्हणाला. “तू म्हणालीस तेव्हा ते बंद झालेलं होतं.”

त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या.

“मी बर्फ आणायला गेलो होतो. तिनं तीनदा फोन लावला, मला ऐकू नाही आला. चार बावीसला बंद केलं त्यांनी. आकडा खाली आला होता, एकशे नव्वदवर. तू नाही केलं काही.”

“अन् मी पानी घातलं तेव्हा?”

“पाच वाजत आले होते.”

वैजयंतीने तोंडाला पदर लावला. मनकर्णाबाईंनी मान हलवली, वर्गात समजलेले मूल हलवते तशी. त्यांच्या चेहऱ्यावरचे ते टोकदार काही नाहीसे झाले होते. त्या जागी दुसरे काही आले नाही. ताटातल्या भाकरीवर एक माशी बसली. त्यांनी तिला हाकलले नाही.

“फोनवर ती पोरगी नव्हती?”

“नाही.”

बाहेर ओट्यावर पंडितकाका कुणाला तरी मोठ्याने सांगत होते की तिसऱ्या दिवशी सकाळी सातला निघू, उशीर करू नका. मनकर्णाबाई ते सगळे ऐकेपर्यंत थांबल्या. मग त्यांनी विचारले,

“मंग मी बंद कर म्हनलं, ते कोनाले?”